एका मुखरोगाची कागदोपत्री कहाणी

धनत्रयोदशीला तिन्हीसांजा आपण दक्षिणेकडे वात करून यमासाठी एक दिवा लावतो, आणि त्याच दिवशी वैद्यमंडळी धन्वंतरीचे पूजन करतात. मृत्यू आणि वैद्यक या दोघांनाही दिवाळीने एकाच दिवशी पाट मांडलेला आहे. तेव्हा दिवाळीच्या अंकात एका जीवघेण्या रोगाची हकीकत सांगायला बसलो, तर वाचक मला अभद्र बोलणारा ठरवणार नाहीत, अशी आशा आहे.

रोग आहे तोंडाचा कर्करोग. आपल्या सणासमारंभांशी याचे नाते दूरचे नाही. लग्न ठरले की सुपारी फुटते, कठीण काम अंगावर घेतले की आपण विडा उचलतो, जेवणावळ उठली की पानसुपारीचे तबक फिरते, आणि मूर्ती नसेल तेथे सुपारीचाच गणपती मांडून आपण कार्य सिद्धीस नेतो. ज्या वस्तूला आपण इतका मान दिला, तिच्यावरच पुढे वैद्यकशास्त्राने आरोप ठेवला. तो आरोप कोणी, कुठे, केव्हा ठेवला आणि तो शाबीत व्हायला इतकी वर्षे का लागली, हा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. मी तो बखरींतून वाचलेला नाही. वैद्यकीय नियतकालिकांतल्या शोधनिबंधांच्या माळेतून वाचला आहे.

शोधनिबंध मोजून विद्येचा इतिहास लिहिता येतो, ही कल्पना तशी अलीकडची. कोल आणि ईल्स या दोघा इंग्रज अभ्यासकांनी १९१७ साली तौलनिक शरीररचनाशास्त्रावरील तीनशे वर्षांचे लेखन देशवार मोजून त्याचे आलेख काढले. १९४८ साली आपल्या रंगनाथनांनी इंग्लंडमधील ग्रंथपालांच्या परिषदेत ग्रंथालयाच्या कामालाही गणित लावावे, असे सुचवले. १९६४ साली अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला, याची जंगी सूची छापली. अमुक रोगावर कोणत्या देशात किती लिहिले गेले, हे पाहण्याची जी पद्धत आज रूढ आहे, तिची ही वंशावळ. तोंडाच्या कर्करोगावरील अशा मोजदादी आता बऱ्याच झाल्या आहेत. परंतु मला त्या आकड्यांपेक्षा एक निराळीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. प्रत्येक मुलखाने आपल्या दारातला रोग पाहून लिहिले. आणि त्या त्या मुलखाची सवय त्याच्या निबंधांत आरशातल्यासारखी उमटली.

प्रथम युरोप पाहू. तंबाखू तेथे अमेरिकेतून आली ती तपकीर आणि चिलीम या दोन रूपांनी. लंडनच्या जॉन हिल यांनी १७६१ साली तपकिरीच्या अतिरेकाविरुद्ध एक पुस्तिका लिहिली आणि नाकातल्या गाठींचा संबंध तपकिरीशी जोडला. १७९५ साली जर्मनीतील सोमरिंग यांनी चिलीम ओढणाऱ्यांच्या खालच्या ओठाला हा रोग होतो, अशी नोंद केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास माँपेलिए येथील बुइसों यांनी तोंडाच्या कर्करोगाचे आपले रोगी तपासले, तेव्हा जवळजवळ सगळेच तंबाखू ओढणारे निघाले. न्यूयॉर्कचे शल्यवैद्य रॉबर्ट ॲबी यांनी १९१५ साली तेच पुन्हा सांगितले. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांना १९२३ साली टाळूच्या कर्करोगाने गाठले. त्यांच्या तोंडावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी या गृहस्थांची सिगार सुटली नाही. मनाचे तळघर धुंडाळणाऱ्याचीही सवयीपुढे मात्रा चालली नाही. मग इतरांची काय कथा!

पुढे पश्चिमेत सिगारेट आली. चिलीम मागे पडली, धूर छातीत खोल जाऊ लागला, आणि रोगाने आपले बिऱ्हाड ओठावरून फुप्फुसात हलवले. १९५० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉल आणि हिल यांचा सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांवरील निबंध आला आणि जगाचे लक्ष तिकडे लागले. तोंडाचा रोग पाश्चात्त्य संशोधनात दुय्यम ठरला, कारण त्यांच्या रुग्णालयांत तो दुय्यम होता. यात दोष काढण्यासारखे काही नाही. वैद्य जे रोगी पाहतो त्यांच्याविषयीच लिहितो.

आता आपल्याकडे वळू. विडा आपल्याकडे फार पुराणा. तंबाखू मात्र नवखी. तिच्या आगमनाचा एक किस्सा मुघल दरबारातील असद बेगाने लिहून ठेवला आहे. १६०४ च्या सुमारास तो विजापूरहून परतताना तंबाखू आणि एक नक्षीदार हुक्का घेऊन आला आणि त्याने तो अकबरापुढे ठेवला. बादशहाने झुरका घेतला, तेव्हा एका हकिमाने हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की, ही वस्तू परीक्षा न झालेली आहे आणि आपल्या वैद्यांनी हिच्याविषयी काहीही लिहिलेले नाही. असद बेगाने फिरंग्यांचा हवाला देऊन त्याला गप्प केले. हकिमाचा मुद्दा मात्र बिनतोड होता. पुरावा लिहिलेला नव्हता. तो लिहिला जायला तीनशे वर्षे लागली, आणि त्या तीनशे वर्षांत तंबाखू आपल्या विड्यात शिरून घरची होऊन बसली.

विसाव्या शतकाच्या आरंभी तो पुरावा कागदावर येऊ लागला. १९०२ साली मद्रासेकडच्या निब्लॉक यांनी इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये हिंदुस्थानातील कर्करोगावर लिहिले. १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फेल्स यांनी दक्षिणेतील तोंडाच्या कर्करोगाच्या २०९ शस्त्रक्रियांचा, तर बेंटॉल यांनी त्रावणकोरातील १,७०० कर्करोग्यांचा वृत्तांत दिला. हे दक्षिण त्रावणकोर म्हणजे हल्लीचा कन्याकुमारीकडचा भाग. तेथील नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात पान खाणाऱ्यांची रीघ लागलेली असे. त्याच रुग्णालयातून ऑर यांनी १९३३ साली लॅन्सेटमध्ये विडा आणि तोंडाचा कर्करोग यांवर जो निबंध लिहिला, तो आजही या विषयाच्या वाचनाचा पहिला धडा मानला जातो. पाठोपाठ १९३७ साली विशाखापट्टणच्या किनी आणि सुब्बाराव यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदली. तिकडच्या स्त्रिया चुट्टा नावाचा जाड चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढीत, आणि रोग होई तो टाळूला, जेथे तो सहसा होत नाही!

तोपर्यंत एक समज पसरलेला होता की, कर्करोग हा सुधारलेल्या गोऱ्या लोकांचा रोग असून हिंदुस्थानात तो विरळा आहे. विश्वनाथ आणि ग्रेवाल यांनी १९३५ ते १९३९ या काळात इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये लागोपाठ निबंध लिहून हा समज खोडून काढला. आपल्याकडे माणसे म्हातारपणापर्यंत जगतच नव्हती, म्हणून हा उतारवयातला रोग कमी दिसे. वयाचा हिशेब धरला की तो भरपूर होता.

येथून सूत्रे मुंबईकडे येतात आणि एका मराठी माणसाच्या हाती जातात. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा अमेरिकेतील कॅन्सर रिसर्च या नियतकालिकात छापला. दुसऱ्याच वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्याबरोबर त्यांनी चालीरीतींमुळे होणाऱ्या कर्करोगांवर निबंध लिहिला. धोतराच्या घट्ट गाठीखालच्या कातडीला होणारा कर्करोग त्यातच आला. खानोलकरांची दृष्टी अशी की, मुंबई ही जणू एक नैसर्गिक प्रयोगशाळाच आहे. पारशी, गुजराती, दक्षिणी, मुसलमान, ख्रिस्ती एकाच शहरात राहतात, एकाच नळाचे पाणी पितात. पण खाण्यापिण्याच्या सवयी निराळ्या, आणि त्यांचे रोगही निराळे. मग रोगाचे मूळ हवापाण्यात शोधायचे की सवयीत? १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे, तंबाखू खाणे आणि तोंडा-घशाचा कर्करोग यांचा संबंध रोग्यांची निरोग्यांशी तुलना करून मांडला. तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच आला, जेथे पाच वर्षांपूर्वी डॉल-हिल यांचा निबंध आला होता. डॉल यांचे नाव मात्र शाळकरी पुस्तकांत गेले. संघवी-खानोलकरांचे किती मराठी घरांत ठाऊक आहे?

रुग्णालयात येतो तो रोगी. गावात राहतो तो समाज. या विचाराने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता यांनी कोपेनहेगनच्या डॉ. पिंडबोर्ग यांच्याबरोबर खेड्यांची वाट धरली. केरळ, आंध्र, गुजरात आणि बिहार येथील ५०,९१५ खेडुतांची तोंडे घरोघर जाऊन तपासली गेली आणि तो वृत्तांत १९६९ साली प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १९७२ साली पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ गावकऱ्यांचा वृत्तांत आला. दारोदार जाऊन लाखभर माणसांना ‘आ करा’ म्हणायचे, आतला पांढरा चट्टा टिपायचा आणि सवय विचारायची, हे काम केवढ्या चिकाटीचे असेल! आमच्याकडील बायकांची मिश्री या निमित्ताने शास्त्राच्या दप्तरात गेली. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड दात घासायची म्हणून हातात येते आणि दिवसातून चार-पाचदा बोट तोंडात जाऊ लागते, हे खेड्यातल्या वाचकांना सांगायला नको.

नेमके असेच काही दुसऱ्या गोलार्धात चालले होते. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातील स्त्रिया गाल आणि हिरडी यांच्यामध्ये तपकिरीची चिमूट दाबून ठेवीत. त्यांच्यावरील निबंध १९८१ साली निघाला आणि त्यात धूम्रपान न करणाऱ्या गोऱ्या स्त्रियांमध्येही तपकिरीमुळे रोगाचा धोका सुमारे चौपट आढळला. पुण्याकडची मिश्री आणि कॅरोलायनाची तपकीर या सख्ख्या बहिणी शोभतात. एकीला दुसरीचे नाव ठाऊक नाही, पण कागदावर त्या शेजारी येऊन बसल्या.

या शेजारपणातच सगळी मौज आहे, आणि सगळे शास्त्रही. १९६६ साली हिरायामा या जपानी शास्त्रज्ञांनी मध्य व आग्नेय आशियातील तोंडाच्या कर्करोगाचा तौलनिक अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडला. असे वृत्तांत एकमेकांलगत ठेवले की रोगाची जागाच गुन्हेगाराचा पत्ता सांगते. विडा गालात धरणाऱ्याच्या गालाला, खैनी खालच्या ओठात ठेवणाऱ्याच्या ओठाला, उलटा चुट्टा ओढणारीच्या टाळूला. न्यू गिनीत सुपारी चघळताना चुना वेगळा काडीने तोंडात घालतात. तेथे रोग ओठाच्या कोपऱ्याशी आणि गालाला, जेथे चुना लागतो तेथे! स्वीडनमध्ये ओठाखाली ओली तंबाखू ठेवण्याची जुनी चाल आहे, सुदानमध्येही आहे. सुदानच्या टूमबाकमध्ये नायट्रोसअमाइन नावाची घातक द्रव्ये अतोनात सापडली आणि रोगही सापडला; स्वीडनच्या स्नूसमध्ये ती पुष्कळ कमी, आणि तेथील अभ्यासांत तोंडाच्या कर्करोगाशी तसा स्पष्ट संबंध दिसला नाही. सवय वरवर एकच. पण तंबाखू कशी मुरवली, यावर इतका फरक. एका देशाचे निबंध कितीही वाचले असते, तरी हे कळले नसते.

याचा सर्वांत मोठा दाखला सुपारीचा. आपल्याकडे विडा खाणारे बहुतेक जण तंबाखू घालून खात. त्यामुळे दोष तंबाखूचा की सुपारीचा, हे कोडे भारतातल्या रोग्यांवरून सुटेना. एक सुगावा मात्र जुना होता. १९५२ साली श्वार्त्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच हिंदी स्त्रियांच्या तोंडात एक चमत्कारिक ताठरपणा पाहिला. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ डॉ. स. ग. जोशी यांनी अशा रोग्यांचे वर्णन केले. गालाची आतली त्वचा पांढुरकी आणि राठ होत जाते, तिखट सोसवत नाही, आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडते. १९६६ साली पिंडबोर्ग आणि आपल्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी या विकाराची शास्त्रशुद्ध मांडणी केली. मुंबईतच डॉ. कमल रणदिवे यांनी सुपारी आणि तंबाखूचे अर्क प्राण्यांवर वापरून पाहिले. त्यांचे निबंध १९७६ आणि १९७९ साली आले. संशय सुपारीकडे बोट दाखवीत होता.

तरीही फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८५ साली निकाल दिला तो असा : तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक आहे, तंबाखूविरहित विड्याविषयी मात्र पुरावा अपुरा आहे. सुपारी संशयाच्या फायद्यावर सुटली.

मग साक्ष द्यायला तैवान उभे राहिले. तेथे कोवळी सुपारी, चुना आणि पान असा विडा सर्रास खातात, पण त्यात तंबाखू घालीत नाहीत. १९९५ साली तेथील शास्त्रज्ञांचा निबंध आला. सुपारी चघळणाऱ्यांना तोंडाचा कर्करोग कितीतरी पटींनी अधिक होत होता. २००० साली कराचीहून तंबाखूविना पानावरचा असाच निबंध आला. २००४ साली ल्योंच्या संस्थेने आपला निकाल फिरवला : सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. गुन्हा भारतात घडत होता, पण निर्णायक साक्षीदार तैवानचा निघाला! म्हणूनच मला वाटते की, निरनिराळ्या मुलखांच्या संशोधनाची तुलना ही कोणाची शर्यत नव्हे. ती शास्त्राची स्वतःची एक पद्धत आहे.

अलीकडे वाटा पुन्हा फुटल्या आहेत. २००० नंतर अमेरिका आणि युरोपचे लक्ष एका विषाणूमुळे होणाऱ्या, घशाच्या वरच्या भागातील कर्करोगाकडे वळले. आपल्याकडे गाल आणि हिरडीचाच रोग मोठा. म्हणून २०१३ साली भारतीय शास्त्रज्ञांच्या चमूने त्याच रोगातील जनुकांचे बिघाड नोंदवून प्रसिद्ध केले. २०१५ साली टाटा रुग्णालयाने एक जुना वाद मिटवला. रोग तोंडात लवकर सापडला आणि मानेत गाठ दिसत नसली, तरी मानेतील ग्रंथी त्याच वेळी काढाव्या की नंतर पाहावे? पश्चिमेत यावर दशकानुदशके खल चालला होता. मुंबईत पाचशे रोग्यांवर तुलना झाली आणि आधीच काढलेल्या बऱ्या, असे ठरले. तीन वर्षांनी त्या गटातील ८० टक्के रोगी हयात होते. दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के. रोगी आमच्याकडे अधिक, म्हणून उत्तर आमच्याकडे सापडले. असला मोठेपणा कोणाला हवा असेल, असे वाटत नाही. पण तो मिळालाच आहे, तर त्याचा उपयोग जगाला झाला, एवढे समाधान.

निबंधांच्या मोजणीत काही गोष्टी निसटतातही. गारफील्ड यांची पहिली सूची १९६१ सालचे ६१३ नियतकालिकांतील लेखन धरते. आणि ज्या इंडियन मेडिकल गॅझेटने निब्लॉक आणि किनी यांना छापले, ते तर १९५५ सालीच बंद पडले होते. सूचीच्या दारात ते पोचलेच नाही. जे मोजले गेले नाही, ते लिहिलेच गेले नाही, असे समजणारा इतिहासकार फसेल.

पण त्याहून मोठी एक गोष्ट कोणत्याच सूचीत येत नाही. किती लिहिले, हे मोजता येते. किती ऐकले, हे कसे मोजणार? १९३३ साली ऑर यांनी लिहिले, १९४४ साली खानोलकरांनी लिहिले, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी आपल्याकडे पानमसाला आणि गुटख्याच्या पुड्यांचे पीक आले. पानवाल्याच्या ठेल्यावर क्षणभर थांबून घ्यायचा विडा खिशात मावू लागला आणि शाळेच्या फाटकापर्यंत पोचला. पुड्यांवर चित्रमय इशारे २००९ साली आले, महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी २०१२ साली आली. २०२० सालच्या जागतिक अंदाजात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ७८ हजार नवे रोगी होते. त्यांपैकी सुमारे १ लाख ३६ हजार एकट्या भारतातले. अकबराच्या हकिमाजवळ लिहिलेले काही नव्हते. आपल्याजवळ शंभर वर्षांचे लिखाण आहे.

त्या लिखाणातला एक निबंध मी प्रत्येक घरी पोचवीन, असे मला फार वाटते. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून सुमारे १ लाख ९२ हजार लोकांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्यांची तोंडे प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी ठरावीक वर्षांनी तपासली. ते डॉक्टर नव्हते, त्यांच्याजवळ यंत्रे नव्हती. साधा उजेड आणि दोन डोळे, एवढीच सामग्री. २००५ साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आला : तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत या रोगाचे मृत्यू तपासणीमुळे ३४ टक्क्यांनी घटले.

साधा उजेड आणि दोन डोळे तर घरोघर आहेत. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारे क्षत दिसले, तिखट झोंबू लागले, किंवा पूर्वी सहज जाणारा लाडू तोंडात जाईनासा झाला, तर डॉक्टरांकडे जावे. पाहुणे गेल्यावर जाऊ, असे म्हणू नये. आणि फराळानंतर आजोबांपुढे तबक सरकवायचेच असेल, तर त्यात बडीशेप, वेलची, लवंग, खडीसाखर ठेवावी. सुपारी गणपतीच्या ठिकाणीच राहू द्यावी. तिचा मान तिथे अबाधित आहे.